लग्नाचे दोन हजार फोटो: एकगठ्ठा एडिटिंगची रीतसर पद्धत

घरातलं लग्न आटोपतं, वऱ्हाडी आपापल्या गावी पांगतात आणि कार्यात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्याच्या टेबलावर चार मेमरी कार्डं येऊन पडतात. त्यात दोन मामेभावांच्या मोबाइलमधले फोटो वेगळेच. तिसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "फोटो कधी?" एका फोटोला नुसती तीन मिनिटं धरली तरी दोन हजार फोटोंचे शंभर तास होतात. नोकरी सांभाळून रोज दोन तास बसणाऱ्याला हे काम जवळजवळ दोन महिने पुरेल.

मग माणूस एखादा 'वेडिंग प्रीसेट', म्हणजे रंग-उजेडाची आयती मांडणी, उतरवून घेतो, कंट्रोल-ए दाबून सगळ्या फोटोंवर ओततो आणि हळदीतली नवरी भोपळ्यासारखी केशरी होते. यात प्रीसेटचा दोष नसतो. सकाळच्या अंगणातल्या उन्हाला जो हिशेब बसतो तो रात्री हॉलमधल्या एलईडीखाली बसणार नाही, एवढंच. सगळ्यांना एकच औषध हा विचार सोडून द्या. फोटोंचे उजेडाप्रमाणे गट पाडा, प्रत्येक गटातला एक फोटो मन लावून करा आणि तेच काम गटातल्या बाकीच्यांवर चिकटवा. दोन हजारांतून निवडून सहाशे उरले आणि त्यांचे पंधरा-वीस गट पडले, तर मन लावून करायचे फोटो पंधरा-वीसच.

खाली लग्नाचं उदाहरण धरून चाललो आहे, कारण एकाच कार्यात इतक्या तऱ्हेचा उजेड दुसरीकडे सापडत नाही. शाळेचं गॅदरिंग, ट्रेक किंवा दुकानाच्या मालाचे फोटो असतील तर हेच काम आणखी सोपं होतं.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

यात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची अवजारंही वेगळी. पहिलं काम रंग आणि उजेड सुधारण्याचं. त्यासाठी अडोबीचं लाइटरूम क्लासिक सगळ्यांना माहीत आहे. ते वर्गणी भरून वापरावं लागतं. फुकटात डार्कटेबल आहे. ते मुक्त सॉफ्टवेअर असून विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. रॉथेरपी हाही त्याच जातीचा चांगला पर्याय. दुसरं काम म्हणजे तयार फोटोंचा आकार बदलणं, नावं बदलणं, वॉटरमार्क टाकणं. हे काम एक्सएनकन्व्हर्ट किंवा फक्त विंडोजवर चालणारं, १९९६ पासून टिकून असलेलं इरफानव्ह्यू चुटकीसरशी करतात.

या शेवटच्या दोघांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ती घरगुती वापरासाठी फुकट आहेत. पैसे घेऊन ऑर्डरी करत असाल तर परवाना विकत घ्यावा लागतो. डार्कटेबलला ही अट नाही.

इथल्या सूचना मुख्यतः डार्कटेबलच्या आहेत. जिथे लाइटरूमची रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे. डार्कटेबलचा पहिला आठवडा त्रासाचा जातो हे खरं. त्याचे पडदे बघून कुणालाही दडपण येईल. पण ते मूळ फाइलला हातच लावत नाही. तुमचे सगळे बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहून ठेवतं. हजारो फोटोंवर एकदम काम करताना ही निर्धास्ती मोठी असते.

कार्ड रिकामं करताना

प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं फोल्डर करा. याला सबळ कारण आहे. कॅमेरे फोटोंना चार आकडी क्रमांक देतात आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरुवात करतात. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले की 'डीएससी_२३४५' नावाचे दोन वेगळे फोटो तयार होतात, आणि ते एका फोल्डरात ओतताना घाईत 'रिप्लेस'वर बोट पडलं की त्यातला एक गेला. म्हणून उतरवतानाच पहिल्या कॅमेऱ्याच्या फाइलींपुढे 'अ' आणि दुसऱ्याच्या पुढे 'ब' लावून टाका. एक्सएनव्ह्यू एमपी किंवा डिजीकॅममध्ये हे एकगठ्ठा होतं. लाइटरूममध्ये फोटो निवडून एफ२ दाबा. मात्र नाव बदलायचं ते याच टप्प्यावर. एडिटिंग सुरू झाल्यावर बाहेरून फाइलीचं नाव बदललं तर एक्सएमपी फाइलीशी तिची जोडी तुटते आणि केलेलं काम दिसेनासं होतं.

जागेचा अंदाज आधीच घ्या. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची, फाइल साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे दोन हजार फोटोंना ५०-६० जीबी. एवढं लॅपटॉपवर आणि एवढंच बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, पाहुण्याला कितीही घाई असली तरी.

घड्याळं जुळवणं

दोन कॅमेऱ्यांची घड्याळं क्वचितच सारखी असतात. एक सात मिनिटं पुढे असला की वेळेनुसार लावलेल्या फोटोंत वरमाला आधी पडते आणि अंतरपाट नंतर धरला जातो. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते, त्यामुळे ती बहुतेकदा बरोबर असते. तीच प्रमाण धरा.

आता सगळ्यांनी टिपलेला एक क्षण शोधा. मराठी लग्नात तो आयताच मिळतो. शेवटचं मंगलाष्टक संपून अंतरपाट बाजूला होतो तेव्हा हॉलमधला प्रत्येक कॅमेरा तिकडेच वळलेला असतो. तिन्ही ठिकाणचा तो फोटो उघडा, वेळा कागदावर लिहा, फरक काढा आणि चुकलेल्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंना तो एकदम लावा. लाइटरूममध्ये मेटाडेटा मेनूत 'एडिट कॅप्चर टाइम' आहे. एका फोटोची बरोबर वेळ सांगितली की निवडलेले बाकीचे तेवढ्याच फरकाने सरकतात. डार्कटेबलवाल्यांनी हेच साधन 'जिओटॅगिंग' नावाच्या कप्प्यात ठेवलं आहे. तिथे ते कुणाला आपणहून सापडत असेल असं वाटत नाही.

निवड

एडिट करण्याआधी निवडा. हे सगळे जण सांगतात आणि फार थोडे पाळतात.

पहिल्या फेरीत फक्त टाकाऊ फोटो काढायचे. मिटलेले डोळे, हललेला हात, समोरून गेलेला केटररचा माणूस. डार्कटेबलमध्ये 'आर' दाबलं की फोटो बाद होतो. लाइटरूममध्ये त्यासाठी 'एक्स' आहे. दोन्ही वापरणाऱ्यांनी जपून राहावं, कारण डार्कटेबलमध्ये 'एक्स' दाबल्यावर तुलनेसाठी फोटो शेजारी शेजारी मांडले जातात. दुसऱ्या फेरीत एकाच क्षणाचे सहा-सात फोटो असतील तिथे त्यातला एक किंवा दोन ठेवा आणि त्यांना तारे द्या. एका फोटोवर दोन-तीन सेकंदांच्या वर रेंगाळू नका. शंका आली तर ठेवा आणि पुढे जा.

एक बाब मात्र यंत्राच्या हिशेबात बसत नाही. आजीचा एकच फोटो असेल आणि तो थोडा हललेला असेल, तर तो ठेवायचा. हल्ली आफ्टरशूटसारखी साधनं मिटलेले डोळे आणि धूसर फोटो आपोआप वेगळे काढतात आणि हे काम ती बऱ्यापैकी करतात. पण कुणाचा फोटो टाळून चालणार नाही, कोणत्या काकांची समजूत अजून काढायची आहे, हे घरच्या माणसालाच ठाऊक.

उजेडाप्रमाणे गट

इथे घाई करू नका. पुढचं सगळं काम यावर उभं आहे.

पहिला मोह विधींप्रमाणे गट पाडण्याचा होतो: हळद, सीमांत पूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, रिसेप्शन. अल्बमसाठी ते ठीक. एडिटिंगला त्याचा उपयोग नाही. सप्तपदीच्या मध्येच व्हिडिओवाल्याने आपला दिवा लावला तर तिथून पुढचा गट वेगळा. उलट, त्याच हॉलमध्ये त्याच दिव्यांखाली काढलेले सीमांत पूजन आणि मानपानाचे फोटो एका गटात आरामात बसतात.

गट पाडताना तीन प्रश्न विचारा: उजेड कुठून येतोय, फ्लॅश होता की नव्हता, कॅमेरा कोणता. तिसरा प्रश्न लोक विसरतात. दोन कंपन्यांचे कॅमेरे त्वचेचा रंग वेगवेगळा दाखवतात, म्हणून एकाच उजेडातले फोटो असले तरी 'अ' आणि 'ब' वेगळे ठेवा.

हळदीचंच बघा. अंगणात किंवा गच्चीवर पिवळं कापड बांधलेलं, वरून ऊन. कापडातून गाळून येणारा उजेड पिवळा, अंगाला हळद, साड्याही पिवळ्या. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची झाक काढून पांढरं पांढरंच दाखवायची सोय, हे सगळं बघून गोंधळतो. एका फोटोत तो पिवळा रंग मारून चेहरे निळसर करतो आणि पुढच्याच फोटोत, चौकटीत एखादी पांढरी भिंत आली की, पुन्हा पिवळ्याकडे वळतो. असे फोटो ग्रिडमध्ये चित्रविचित्र दिसतात, पण गट म्हणून ते एकच आहेत, कारण प्रत्यक्षातला उजेड एकच होता. कॅमेऱ्याने काय समजून घेतलं ते सोडून द्या, तिथे खरोखर काय होतं ते आठवा. मात्र कापडाच्या बाहेर, उघड्या उन्हात उभं राहून पाणी ओतणाऱ्या वहिनींचे फोटो वेगळ्या गटात जातील.

हॉलच्या आत गंमत वाढते. जुन्या कार्यालयांत हॅलोजन आणि पिवळे बल्ब असतात, त्यांचा रंग ३००० ते ३२०० केल्विनच्या आसपास (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). दारातून येणारं ऊन आणि तुमचा फ्लॅश दोन्ही ५५०० केल्विनच्या जवळपास. खिडकीजवळ बसलेल्या पाहुण्यांचा एक गाल निळसर, दुसरा नारिंगी. असे मिश्र उजेडाचे फोटो ओळखून वेगळे काढा. ते एकगठ्ठा नीट होत नाहीत आणि त्यांना गटात कोंबलं तर बाकीचेही बिघडतात. स्टेजवरच्या जांभळ्या-गुलाबी एलईडीचं तर विचारू नका. त्या दिव्यांच्या उजेडात काही रंग मुळातच नसतात, त्यामुळे स्लायडर कितीही ओढला तरी त्वचा माणसाची दिसत नाही. ते फोटो सरळ कृष्णधवल करावेत किंवा जांभळा रंग तसाच राहू द्यावा.

गटांच्या खुणांसाठी रंगीत लेबलं आहेत. डार्कटेबलमध्ये एफ१ ते एफ५, लाइटरूममध्ये ६ ते ९. पाचच रंग आहेत म्हणून अडू नका, पुढचे गट टॅग लावून करता येतात: 'हॉल-हॅलोजन-अ', 'हॉल-हॅलोजन-ब', 'स्टेज-फ्लॅश'.

गटातला म्होरक्या

आता प्रत्येक गटातून एक फोटो निवडा. सगळ्यात सुंदर फोटो घेऊ नका, सगळ्यात सर्वसाधारण घ्या. त्यात चेहरे असावेत, काहीतरी पांढरं किंवा राखाडी असावं, आणि फार उजळ किंवा फार काळोखा भाग नसावा.

पहिलं काम व्हाइट बॅलन्स. डार्कटेबलच्या हल्लीच्या आवृत्त्यांमध्ये इथे नवखे हमखास अडखळतात. तिथे 'व्हाइट बॅलन्स' आणि 'कलर कॅलिब्रेशन' असे दोन कप्पे आहेत. पहिला आहे तसा सोडायचा आणि रंग दुसऱ्यात दुरुस्त करायचा. दोन्हीकडे हात घातला की तेच काम दोनदा होतं आणि रंग सैरभैर होतात. कलर कॅलिब्रेशनमधला पिकर (फोटोतला रंग मोजायचं साधन) घ्या आणि तटस्थ जागेवर चौकोन ओढा.

तटस्थ जागा कोणती? इथे मराठी लग्नातला एक सापळा सांगतो. भटजींचं शुभ्र धोतर बघून पिकर तिकडेच जातो. पण त्या धोतराला नीळ घातलेली असते, म्हणजे ते डोळ्यांना पांढरं दिसलं तरी मुळात निळसर असतं. सॉफ्टवेअर तो निळेपणा काढायला जातं आणि सगळा फोटो पिवळा होतो. डिटर्जंटमधल्या चमक आणणाऱ्या द्रव्यांमुळे पांढरे शर्टही फ्लॅशखाली असेच फसवतात. त्यापेक्षा राखाडी फरशी, सिमेंटचा खांब किंवा कागदाचा कप बरा. पुढच्या वेळी शंभर-दोनशे रुपयांचं राखाडी कार्ड खिशात ठेवा आणि उजेड बदलला की एक फोटो त्या कार्डाचा काढा. तो फोटो म्हणजे त्या गटाचा तयार म्होरक्या.

पिकरचं उत्तर अंतिम मानू नका. हळदीच्या फोटोत सगळा पिवळा रंग काढून टाकला तर हळदच उरत नाही. तिथे अर्ध्यावर थांबा. कपाळ आणि गाल जिवंत दिसले पाहिजेत, मागचं कापड पिवळं राहिलं तरी चालेल.

मग उजेड, कॉन्ट्रास्ट, लेन्सची दुरुस्ती, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) जास्त असेल तर दाणे कमी करणं. या क्रमाने जा आणि लवकर थांबा. म्होरक्या जितका टोकाचा, तितके त्याच्या मागचे फोटो फाटणार.

काय चिकटवायचं आणि काय नाही

डार्कटेबलच्या लाइटटेबलमध्ये, म्हणजे सगळे फोटो एकत्र दिसतात त्या पडद्यावर, म्होरक्या निवडा, उजवीकडच्या 'हिस्ट्री स्टॅक'मधून निवडक कॉपीचा पर्याय घ्या (कंट्रोल-शिफ्ट-सी). कोणते कप्पे न्यायचे त्याची यादी उघडते. खुणा करा, गटातले बाकीचे फोटो निवडा आणि चिकटवा. लाइटरूममध्ये म्होरक्या आधी निवडून मग बाकीचे निवडायचे आणि 'सिंक' दाबायचं, तीच यादी समोर येते.

रंग, कॉन्ट्रास्ट, लेन्स दुरुस्ती आणि दाणे कमी करणं हे न्या. क्रॉप, तिरकेपणाची दुरुस्ती आणि चेहऱ्यावर हाताने केलेले मास्क (फक्त तेवढ्या भागापुरते बदल) नेऊ नका. क्रॉप चुकून गेला की चाळीस फोटोंत चाळीस जणांची डोकी उडतात. डाग काढणं हे एरवी नेऊ नये, पण त्याला एक छान अपवाद आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ बसली असेल तर तिचा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. एफ/११ वगैरेवर काढलेल्या बाहेरच्या ग्रुप फोटोंत, वरच्या आकाशात तो स्पष्ट दिसतो. एका फोटोत तो पुसा आणि तेवढाच कप्पा त्या सगळ्या फोटोंना लावा. फक्त उभे आणि आडवे फोटो वेगवेगळे तपासा.

उजेडाची म्हणजे एक्सपोजरची गोष्ट नाजूक आहे. फोटो मॅन्युअल मोडमध्ये काढले असतील तर ते बिनधास्त चिकटवा. ऑटोवर काढले असतील तर कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोला वेगळा हिशेब लावलेला असतो आणि म्होरक्याचा आकडा शेजाऱ्याला लागू होत नाही. लाइटरूममध्ये यावर 'मॅच टोटल एक्सपोजर्स' हा उपाय आहे. शटर, अॅपर्चर आणि आयएसओ बघून ते सगळ्यांना म्होरक्याच्या पातळीवर आणतं. पण फ्लॅश किती पेटला हे त्या गणितात नसतं, म्हणून फ्लॅशच्या गटांवर ते वापरू नका. डार्कटेबलच्या एक्सपोजर आणि कलर कॅलिब्रेशन या दोन्ही कप्प्यांत एका जागेचा नमुना मोजून ठेवायची सोय आहे. एका फोटोत नवरीच्या शालूचा तुकडा मोजा, पुढच्या फोटोत तोच शालू दाखवा, सॉफ्टवेअर तो आधीच्याशी जुळवतं. यासाठी फोटो एकेक उघडावा लागतो, तरी अल्बमच्या एका पानावर शेजारी शेजारी येणाऱ्या फोटोंसाठी हा खटाटोप करण्यासारखा आहे.

आणखी एक फरक. लाइटरूमच्या लायब्ररीतल्या 'क्विक डेव्हलप'ने उजेड एक पायरी वाढवला की निवडलेला प्रत्येक फोटो आपल्या आहे त्या जागेवरून एक पायरी वर जातो. 'सिंक' मात्र सगळ्यांना एकाच आकड्यावर आणून बसवतं. गट जुळलेला आहे पण एकंदर काळपट वाटतोय, अशा वेळी पहिला उपाय योग्य. आणि 'ऑटो सिंक' वापरलंत तर काम झाल्यावर ते लगेच बंद करा. नाहीतर पुढे एका फोटोसाठी ओढलेला स्लायडर गुपचूप साठ फोटोंना लागतो.

चिकटवताना डार्कटेबलमध्ये 'अपेंड' की 'ओव्हरराइट' ते ठरवता येतं. अपेंडमध्ये जुने बदल राहून नवे त्यावर चढतात. ओव्हरराइटमध्ये आधीचं सगळं पुसलं जातं. एखाद्या फोटोवर आधीच क्रॉप केलेला असेल तर अपेंडच हवं.

लहान करून बघा

गट संपला की फोटो एकेक उघडून तपासू नका. लाइटटेबलमध्ये एका ओळीत आठ-दहा लघुचित्रं दिसतील इतका आकार कमी करा आणि स्क्रीनपासून जरा मागे सरा. जो फोटो जुळलेला नाही तो लगेच नजरेत भरतो: एखादा गुलाबी, एखादा काळवंडलेला. तेवढेच उघडून दुरुस्त करा. मोठ्या आकारात हे समजत नाही, कारण डोळा समोरच्या फोटोच्या रंगाला काही सेकंदांत सरावतो. लॅपटॉपचा 'नाइट लाइट' बंद आहे ना, तेही बघा. रात्री अकराला पिवळ्या पडलेल्या स्क्रीनवर जुळवलेले रंग सकाळी निळे निघतात.

मोबाइलचे फोटो

हे नेहमी वेगळ्या गटात. रॉ फाइलीत व्हाइट बॅलन्स नंतर ठरवता येतो. जेपेगमध्ये तो आधीच शिजून पक्का झालेला असतो. म्हणूनच लाइटरूम रॉ फोटोला केल्विनचे आकडे दाखवतं आणि जेपेगला उणे १०० ते अधिक १००. कॅमेऱ्याच्या रॉवरचे बदल मोबाइलच्या जेपेगवर चिकटवले की आकाशात पट्टे आणि चेहऱ्यावर ठिगळं दिसू लागतात. मोबाइलने उजेड-सावलीचं संतुलन स्वतःच केलेलं असतं. तुम्ही फक्त रंगाचा कल थोडा कॅमेऱ्याच्या फोटोंकडे आणा आणि सोडून द्या.

व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो अल्बमसाठी घेऊच नका. ते आधीच दाबून लहान केलेले असतात. मामेभावाला 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ड्राइव्हवर टाकून मूळ फाइल पाठवायला सांगा.

एक्सपोर्ट

दोन संच काढा. पहिला छपाईसाठी: पूर्ण आकार, जेपेग, क्वालिटी ९२ ते ९५. अल्बम डिझायनरला हाच द्या आणि क्रॉप शक्यतो त्याच्यावर सोडा. १२ बाय ३६ इंचाच्या करिझ्मा अल्बमचं एक पूर्ण उघडं पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६,००० बाय ४,००० असतो. आधीच कापून दिलेला फोटो त्या पानावर पसरवायला गेलं की तो विरतो.

चार बाय सहाच्या प्रिंट काढणार असाल तर मोबाइलच्या फोटोंकडे वेगळं लक्ष द्या. चार बाय सहा म्हणजे २:३ प्रमाण, कॅमेऱ्याचंही तेच. मोबाइलचा फोटो मात्र ३:४ असतो. लॅबचं मशीन त्याच्या लहान बाजूचा नववा भाग कापतं. आडव्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्यांच्या डोक्यावरची जागा नेमकी तीच असते. असे फोटो आधी स्वतः कापून द्या.

दुसरा संच ग्रुपवर वाटायला: लांब बाजू २,०४८ पिक्सेल, क्वालिटी ८५. दोन्ही संचांना रंगाचा प्रोफाइल एसआरजीबी ठेवा. अडोबी आरजीबीमधले फोटो बऱ्याच लॅबच्या मशीनवर आणि काही अॅपमध्ये फिकट निघतात. डार्कटेबलच्या एक्सपोर्ट कप्प्यात लांबी आणि रुंदी दोन्हीकडे २,०४८ लिहा, 'अपस्केलिंग' बंद ठेवा आणि तेच नाव आधी असेल तर नवं नाव द्या हा पर्याय निवडा. फाइलीचं नाव तारीख-वेळेवरून पडेल असं करा, म्हणजे कुणाच्याही फोनवर फोटो कार्यक्रमाच्या क्रमाने लागतील. घड्याळं जुळवल्याचा फायदा इथे मिळतो.

आधी फक्त दहा फोटो एक्सपोर्ट करून मोबाइलवर बघा. ते ठीक वाटले की सगळे लावा, चार्जर जोडा, लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा आणि जेवायला जा.

एक्सएनकन्व्हर्टचा झटपट रस्ता

प्रत्येकाला रॉ वगैरेत शिरायचं नसतं. फोटो आधीच जेपेग आहेत, फक्त आकार कमी करून पाठवायचे आहेत, अशा वेळी एक्सएनकन्व्हर्ट पुरेसं आहे. त्यात तीन टॅब महत्त्वाचे. 'इनपुट'मध्ये फोल्डर ओढून टाका. 'अॅक्शन्स'मध्ये कामांची साखळी जोडा. 'आउटपुट'मध्ये वेगळं फोल्डर आणि जेपेगची क्वालिटी ठरवा.

अॅक्शन्सचा क्रम वरून खाली पाळला जातो, म्हणून तो नीट लावा. सगळ्यात आधी एक्झिफनुसार (कॅमेऱ्याने फोटोसोबत लिहिलेल्या माहितीनुसार) फिरवणं, म्हणजे उभे फोटो आडवे पडत नाहीत. मग आकार, आणि त्यात फक्त लहान करायची अट. मग किंचित शार्प. वॉटरमार्क हवाच असेल तर सगळ्यात शेवटी. तो आकार बदलण्याआधी टाकला तर मोठ्या फोटोत मुंगीएवढा आणि छोट्यात हत्तीएवढा दिसतो. घरच्या लग्नाच्या फोटोंवर वॉटरमार्क टाकू नये असं माझं मत आहे, पण ज्याची त्याची हौस.

आउटपुटचं फोल्डर मूळ फोल्डरच ठेवून 'ओव्हरराइट' कधीही निवडू नका. इथे एक्सएमपी वगैरे काही नसतं, जुना फोटो खरोखर जातो. मेटाडेटा (फोटोसोबतची वेळ, ठिकाण वगैरे माहिती) ठेवायचा की काढायचा तेही याच टॅबमध्ये ठरतं. फोटो घरी काढलेले असतील आणि लोकेशन चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांश त्यात असतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवताना ती माहिती गळून पडते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर तशीच जाते. सार्वजनिक ठिकाणी टाकायच्या संचातून ती काढून टाका.

साखळी एकदा जमली की प्रीसेट म्हणून जतन करा. डार्कटेबलमध्येही प्रत्येक गटाच्या म्होरक्यावरून 'स्टाइल' बनवून ठेवता येते. तिला समारंभाचं नाव न देता उजेडाचं द्या: 'मांडव-पिवळं कापड', 'हॉल-हॅलोजन', 'स्टेज-फ्लॅश'. स्टाइल बनवताना एक्सपोजर, क्रॉप आणि डाग काढण्याचे कप्पे त्यातून वगळा. त्याच कार्यालयात पुढचं लग्न निघालं तर ही स्टाइल आधी लावायची आणि मग त्या दिवशीच्या राखाडी कार्डावरून रंग थोडा इकडेतिकडे करायचा. हार्ड डिस्कवर फोटो ठेवताना रॉ फाइलींसोबत एक्सएमपी फाइलीही कॉपी करा. त्या काही केबींच्या असतात आणि वर्षभराने कुणी मोठी फ्रेम मागितली तर सगळं काम त्यांच्यावरूनच परत उघडतं.